उकरून पाहिलेली तूर

...तर स्वानंदनं पेरली होती तुरीची डाळ. वरणाला लावतो ना आपण, तीच. बँकेतल्या साहेबाचं पोरगं. शाळेतून मिळालेलं बी हरवलं म्हणून आईनं डब्यातून मूठभर काढून दिली, यानं कुंडीत टाकली आणि रोज नेमानं पाणी घालत बसला. आर्णीच्या चहूबाजूंनी तूर फुलावर उभी, अन् याच्या कुंडीतून नुसता आंबूस वास. विज्ञानाच्या सुहासिनी मॅडमच्या ते लगेच ध्यानात आलं होतं, पण बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की सातवीतल्या पोरांना पुस्तकातलं उत्तर आधीच पाठ असतं. एखाद्या वेळी डोळ्यांनाही काम पडू द्यावं.

स्वानंदचं हसून सोडून देऊ. त्याच वर्गात जिचा जीव टांगणीला लागला होता, ती तमन्ना.

तमन्ना म्हणजे बसस्टँडमागं मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या अय्यूब मिस्त्रीची मुलगी. ही पोर एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नाही. बेंचवर असली की पाय हलतो. पाय दाबून धरायला सांगावं तर बोटं पेनातली स्प्रिंग काढतात. तिची आई अकीला म्हणते, ही झोपेतही रजईची शिवण उसवते. पण हा गुण आला कुठून? गिऱ्हाईक गाडी ढकलत आणतं आणि वरून मिस्त्रीलाच सांगतं, प्लग गेला असंन. अय्यूब हूं की चूं करत नाही. जमिनीवर फडकं अंथरतो, इंजिन उघडतो, निघेल तसा एकेक पुर्जा ओळीनं मांडतो, आणि मगच बोलतो. न उघडता सांगतो तो मिस्त्री नव्हे, ज्योतिषी, असं त्याचं म्हणणं. तमन्ना त्या फडक्याच्या कडेला बसून मोठी झालेली.

आणि अशा पोरीच्या हाती मॅडमनी दिली माती, दिली भिजवलेली तूर, अन् सांगितलं की आता वाट पाहा.

जोड्या पाडल्या होत्या. शुक्रवारी एकेका जोडीनं उभं राहून आपल्याला काय दिसलं ते सांगायचं, आणि त्यांतली एक जोडी दिग्रसच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार. तमन्नाच्या वाट्याला आली वकिलांची स्पृहा. मोत्यासारखं अक्षर, दर वर्षी बक्षीस घरी नेणारी. तिनं प्रदर्शनाला कोणता ड्रेस घालायचा तेही ठरवून टाकलं होतं. कुंडी तमन्नानं आणायची होती. तिनं गॅरेजमधला इंजिन ऑइलचा रिकामा डबा कापला, सोडा टाकून घासघासून धुतला, बुडाला भोकं पाडली आणि आणला.

बाकीच्यांच्या कुंड्या हिरव्या झाल्या. यांचा डबा काळाचा काळाच.

स्पृहानं वाकून वास घेतला आणि निकाल लागला. तेलाचा डबा, दुसरं काय! वर्गभर तेच झालं. मॅडमनीही मान डोलावली. स्वानंद स्वतःची नासकी डाळ मागं ठेवून विचारायला आला, की तमन्ना, तुह्या तुरीचं एव्हरेज किती व? स्पृहाला मात्र आत कुठंतरी बरंच वाटत होतं. डब्याचा दोष म्हटला की आपल्यावर काही येत नाही, मॅडम फिरून तूर देतील, दिग्रसही हातचं जात नाही. तमन्नाचा पाय तेवढा जोरात हलू लागला.

कारण दोष कुणाचा ते तिला ठाऊक होतं. रोज मधल्या सुट्टीत ती डब्याशी एकटीच जायची, रुमाल अंथरायची, बिया उकरून ओळीनं मांडायची, पाहायची आणि परत पुरायची. बाप करतो तसंच. बी फुगलं, मग साल तडकलं, मग मुळाचं पांढरं टोक निघालं. त्या दिवशी घंटा झाली म्हणून घाईत एक बी उलटं पुरलं गेलं, टोक आभाळाकडे. दुसऱ्या दिवशी उकरलं तर ते टोक वळलेलं. कुणी न सांगता, अंधारातल्या अंधारात, गळासारखं वाकून पुन्हा खालच्या वाटेला लागलेलं. तमन्ना किती वेळ पाहत राहिली! तेवढा वेळ तिचा पायही थांबला होता. पण रोजच्या त्या काढघालीनं काही टोकं मोडली, बाकीची सुकली. वाकलेलं ते एक तिनं कंपासपेटीत ठेवून दिलं.

गुरुवारी संध्याकाळी कुण्या गिऱ्हाइकानं अय्यूबच्या कानावर घातलं, की तुझ्या डब्यानं शाळेतली तूर मेली म्हणतात. घरी आल्यावर तो हात धुता धुता ओट्याकडे पाहत राहिला. तिथं तसल्याच कापलेल्या डब्यात अकीलाचा पुदिना माजला होता. त्यानं मुलीला एवढंच विचारलं, की डबा खराब आहे हे कुणी उघडून पाहिलं का? तमन्ना जेवणावरून उठली, परत बसली, पुन्हा उठली.

शुक्रवारी एकेक जोडी उभी राहू लागली. झाडाला पाणी, हवा आणि सूर्यप्रकाश लागतो, सगळ्यांचं तेच, शब्दही तेच. स्वानंदनं तेवढं वेगळं सांगितलं. "मॅडम, डाळ पेरून उगवत नाही, तिले शेवटी फोडणीच लागते." वर्ग हसला, मॅडमही हसल्या, आणि म्हणाल्या की निदान हा पाहिलेलं बोलला.

मग स्पृहा वाचू लागली. आमच्या डब्यात तेलाचा अंश राहिल्यामुळे... इतक्यात बेंच खडखडला. तमन्ना उभी राहिली होती.

"डब्याचा काही दोष नाही, मॅडम. मीच रोज उकरून पाहत होती."

स्पृहाचा कागद हातातच राहिला. "तुले हात लावल्याशिवाय राहताच येत नाही का व?" ती पुटपुटली आणि तोंड फिरवून बसली.

तमन्नानं कंपासपेटी उघडली. ते वाकडं, वाळकं बी मॅडमच्या तळहातावर ठेवलं, आणि ते उलटं कसं पुरलं गेलं, कसं वळलं, सगळं सांगितलं. मॅडम ते खिडकीशी घेऊन गेल्या. आपापल्या कुंडीतलं मूळ कुणाकुणी पाहिलं म्हणून त्यांनी वर्गाला विचारलं. एकही हात वर आला नाही. स्पृहानंही मान वळवून पाहिलं, रुसणं न सोडता.

दिग्रसला कोण जाणार ते मॅडम बोलल्या नाहीत. उलट तमन्नालाच विचारलं, की पुन्हा तूर दिली तर काय करशील, खरं सांग.

तमन्ना म्हणाली, "नाही उकरणार म्हणून कबूल करीन मॅडम, पण मले राहवणार नाही. मले काचेच्या बरणीत लावू द्या, काचेले चिकटून. मंग मूळ आपलं काम करीन अन् मी आपली पाहत राहीन."