ऑटोमॅटिक फायरमन

मी इंग्लंडला कधी गेलेलो नाही. तरीही तिथली वाफेवर धावणारी, वेगाचे विक्रम करणारी जुनी एक्सप्रेस इंजिनं मला सारखी आठवतात. जे कधी पाहिलंच नाही ते आठवतं कसं, हा बायकोचा प्रश्न रास्त आहे. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या भाड्याच्या घरात, एसी वीसवर ठेवून, मी सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवरच्या खेळात त्यातलं एक निळं इंजिन चालवतो. "बाहेर जाऊन उभे राहा, वाफ फुकट मिळेल," असं ती दर ऑगस्टमध्ये सुचवते.

या वेडापायी मी एक थाप मारून ठेवली होती. आमच्या ऑफिसात एक इंग्रज साहेब आहेत, निवृत्तीला आलेले आणि माझ्याच रोगाचे रोगी. लहानपणी पुलावर उभं राहून ते इंजिनांचे नंबर वहीत उतरवून घ्यायचे. हे ऐकल्यावर माझ्याकडेही तोडीस तोड काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, माझे वडील एक्सप्रेसचे ड्रायव्हर होते.

बाबा भुसावळच्या शेडमधले फायरमन. बावीस वर्षं त्यांनी इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकला. ड्रायव्हर व्हायच्या वेळी डोळ्यांच्या तपासणीत अडकले, आणि मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. मला हे सगळं माहीत होतं. पण ड्रायव्हर म्हणायला बरं वाटलं.

मग बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले, आणि साहेबांनी रविवारी सकाळी त्यांना भेटायला चहाला येण्याचं परस्पर ठरवून टाकलं. साहेबांपुढे नाक कापलं जाईल ही भीती होतीच, पण खरी भीती दुसरी होती. मला त्यांच्या कामाची लाज वाटली, हे बाबांना कळलं तर? मग मीच माझी समजूत घातली. बाबांना इंग्रजी येत नाही, साहेबांना मराठी येत नाही आणि मध्ये दुभाषा मी. काळजीचं कारणच नव्हतं.

साहेब आले. चहा आला. मी विक्रमाची फेरी लावली आणि निळं इंजिन सुसाट सुटलं. विक्रम झाला तो याच लांबलचक उतारावर, असं साहेबांनी अभिमानानं सांगितलं. मी ते मराठीत केलं.

"उतारावर होय?" बाबा म्हणाले. "मग त्यात काय! उतारावर हातगाडीपण पळते."

"फार सुंदर, म्हणतात," मी साहेबांना सांगितलं.

बाबा पडद्याजवळ सरकले. "कोळसा कोण टाकतंय?"

"ते आपोआप होतं, बाबा. ऑटोमॅटिक फायरमन अशी सेटिंग आहे. मी ती कायम चालूच ठेवतो."

"बंद कर."

मी बंद केली. पुढचा चढ लागला तसा वाफेचा काटा खाली घसरायला लागला आणि बाबा ताडकन उभे राहिले. "अरे, इंजेक्टर बंद कर! डॅम्पर उघड! फायरबॉक्सच्या बॅक कॉर्नरला टाक, मध्ये ढीग नको! प्रेशर बघ, प्रेशर! बावीस वर्षं फायरमन होतो मी, एकदाही गाडी अशी बसवली नाही!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेल्वेतल्या माणसाच्या मराठीत कामाचा प्रत्येक शब्द इंग्रजी असतो. इथे दुभाषा कुणालाच नको होता.

गाडी चढावर थांबली. "खलास, हबीबी," साहेब इथल्या अरबीत म्हणाले. सोफ्यावरून माझी मुलगी म्हणाली, "डॅडी, यू आर सो बॅड ॲट धिस."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि थेट बाबांना विचारलं, "फायरमन? नॉट ड्रायव्हर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. मग साहेबांकडे वळून ते म्हणाले, "फर्स्ट फायरमन. देन ड्रायव्हर."

साहेब खूश झाले, हात मिळवून निघाले. दार लागल्यावर बाबा म्हणाले, "चला, रिटायर झाल्यावर का होईना, बढती मिळाली." ते हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी चपला न घालताच बाहेर पळालो. अंगणातल्या फरशीनं तळपाय भाजले, ते बरंच झालं. साहेब गाडी काढत होते. काचेवर टकटक करून मी सांगून टाकलं, ते ड्रायव्हर कधीच झाले नाहीत, थाप माझी होती. साहेबांनी गाडी बंद केली. मग त्यांनी विचारलं, विक्रमाच्या दिवशी त्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याचं नाव तुला माहीत आहे का? मला त्या इंजिनाच्या चाकांचा व्यास तोंडपाठ होता. त्या माणसाचं नाव मी कधी शोधलंही नव्हतं.

आत आलो तर बाबा माझ्या खुर्चीत बसले होते.

"सांगून आलास?"

"हो."

"मग दुसरी खुर्ची ओढ. ते ऑटोमॅटिक बंदच राहू दे. कोळसा तू टाक."

मी शेजारी बसलो. त्यांनी रेग्युलेटर उघडला, गाडी हळूच हलली, आणि मी सवयीनं समोरच्या रुळांकडे बघायला लागलो.

"वर काय बघतोस?" बाबा म्हणाले. "खाली भट्टीत बघ. पुढं बघायचं काम ड्रायव्हरचं."