मास्तरणीच्या बाळाचं दुपटं

माझी वहिनी पडदे शिवते. बाजारातल्या एका मोठ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तीन मशिनी आहेत, त्यातली खिडकीजवळची तिची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा ती तिथेच कामाला होती, आजही आहे. कुणाच्या घराला किती खिडक्या, कुणाला ऊन सोसत नाही, कुणाला शेजाऱ्यांची नजर नको, हे तिला नुसत्या मापांवरून कळतं. पण सांगणार नाही. आई म्हणायची, "हिच्या तोंडात कायम टाचण्या असतात, बोलणार कुठून?"

माझा भाचा पोटात होता तेव्हा आमच्या घरावर वाईट दिवस होते. बाबा अंथरुणाला खिळलेले, आई त्यांच्या उशाशी, दादा मिळेल तिथे वायरिंगची कामं घेत फिरायचा. वहिनी शेवटच्या दिवसापर्यंत मशिनवर बसली आणि तिथूनच रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. पोरगा छान झाला, सगळं सुखरूप पार पडलं, आणि त्या धावपळीत तिचं कौतुक करायचं राहूनच गेलं. तिनं कधी तक्रार केली नाही. खूप वर्षांनी एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "तुला काय वाटतंय, एवढंसुद्धा मला कुणी विचारलं नाही गं." आणि पुढचं भांडं घेतलं.

म्हणून असेल कदाचित, पण पडद्यांच्या दुकानाखाली औषधांचं दुकान आहे, तिथे काउंटरवर बसणाऱ्या तिच्या मैत्रिणीला दिवस गेले तेव्हा वहिनी जागी झाली. या औषधवालीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं. माहेर तुटलेलं, सासरचे उंबऱ्यात उभे करत नव्हते. वहिनी तिला म्हणाली, "रविवारी आमच्याकडे ये. रिकाम्या पोटी ये."

ती आली तेव्हा आमची बाहेरची खोली ओळखू येत नव्हती. पडद्यांच्या उरलेल्या कापडाच्या चिमण्या छताला टांगलेल्या, भिंतीवर अस्तराच्या कापडाचे ढग, आणि मधल्या चटईवर एक दुपटं, अर्धवट. वहिनीचा नियम असा की विकतचं काही आणायचं नाही. आलेल्या प्रत्येकानं त्या दुपट्यावर एकेक तुकडा आपल्या हातानं शिवायचा. येत असो की नसो. होणाऱ्या बापानं टोपड्याला बटण लावायचं. दादा आयुष्यात पहिल्यांदा सुई धरून बसला, घामाघूम झाला. त्याचा तुकडा बघून आई म्हणाली, "याचा शॉक तर लागणार नाही ना बाळाला?" औषधवाली हसता हसता रडायला लागली, आणि वहिनीनं तिला रडू दिलं.

मग ते चालूच राहिलं. जवळच्या मैत्रिणी तशा चार-पाचच, पण प्रत्येकीचा कार्यक्रम आमच्याच खोलीत झाला आणि एकासारखा दुसरा नव्हता. महिनाभर आधी सगळ्याजणी संध्याकाळी जमायच्या, कातरायच्या, चिकटवायच्या. एरवी तोंडातून शब्द न काढणारी वहिनी तेव्हा मात्र एकेकीला कामाला जुंपायची. टाका वाकडा गेला की उसवायला लावायची. मैत्रिणींनी तिचं नावच मुकादम ठेवलं.

या सगळ्यांत मास्तरीण तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी एका बाकावर शिकलेल्या. ती पुढे शाळेतच शिकवायला लागली, लहान मुलांना. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिच्या घरात पाळणा हलला नव्हता. बाकीच्यांच्या कार्यक्रमांत ती सगळ्यांत आधी यायची, सगळ्यांत शेवटी जायची, आणि तिचा तुकडा नेहमी सगळ्यांत सुबक असायचा. शेवटी डॉक्टर, गोळ्या, सगळं सोडून दिल्यावर तिला दिवस राहिले. ही बातमी तिनं नवऱ्याच्या खालोखाल वहिनीला सांगितली. पोटमाळ्याच्या जिन्यात दोघी किती वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या म्हणे. खालून मालक ओरडला तरी हलल्या नाहीत.

तिच्यासाठी वहिनीनं जीव ओतला. कापडाचे मासे केले, निळे-हिरवे, प्रत्येकाचे खवले वेगळे शिवलेले. दुपट्याच्या मधोमध चंद्र होता आणि त्याच्याभोवती आम्हा सगळ्यांचे तुकडे. मास्तरणीचा नवरा बेकरीची गाडी चालवायचा, अबोल माणूस. त्यानं बटण लावलं, मग म्हणाला, "अजून एक लावू का?" टोपड्याला दुसऱ्या बटणाची जागाच नव्हती. तरी वहिनीनं लावू दिलं. कार्यक्रमानंतर आम्ही सगळं सामान त्यांच्या घरी नेलं आणि आतल्या लहान खोलीत मांडून दिलं. मासे पाळण्यावर टांगले. मास्तरीण खुर्चीत बसून नुसती बघत होती.

आठव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. दवाखान्यात नेलं, तपासलं, ठोके नव्हते. मुलगी होती. कुणाचं काही चुकलं नव्हतं, डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरणीचा नवरा आमच्या दारात उभा राहिला. गाडी रस्त्यात तशीच उभी, मागचं दार उघडं. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"वहिनी, ती उद्या घरी येईल. त्याच्या आत त्या खोलीतलं सगळं काढून टाका. मला हात लावता येत नाहीये."

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारू? तिला बघवणार आहे का ते?" त्याचा आवाज फाटला. "तुमच्या घरी पण ठेवू नका. ती इथे येते. कुठेतरी द्या. पण तिला दिसता कामा नये."

वहिनीनं चपला घातल्या. आम्ही दोघी गेलो. मी स्टुलावर चढून मासे सोडवले, तिनं दुपट्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. टोपडं, झबली, चादरी. भिंतीवर चिकटवलेले कापडाचे ढग काढताना रंगाचे पोपडे आले, तेवढ्या जागा पांढऱ्या राहिल्या. त्या पांढऱ्या जागांवरून तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "चल."

नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा एक वॉर्ड आहे. तिथल्या सिस्टरांनी कापडं आनंदानं घेतली. टांगायचं काही चालत नाही म्हणून मासे परत दिले. ते वहिनीनं पिशवीत घालून दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवले.

नंतर बरेच आठवडे मास्तरीण कुणाला भेटली नाही. वहिनी रोज कामावरून येताना तिच्या घरावरून यायची, डबा द्यायची, दारातूनच परत फिरायची. इकडे बाजारात कुजबुज सुरू झाली. बाळ यायच्या आधीच एवढा थाटमाट कशाला करायचा, म्हणून. एक गिऱ्हाईक बाई तर पडद्यांचं माप देता देता वहिनीच्या तोंडावर बोलली. वहिनीनं माप लिहून घेतलं. घरी आल्यावर मात्र कात्री, दोऱ्यांचा डबा, चिंध्यांचं गाठोडं सगळं कपाटावर टाकलं आणि म्हणाली, "बास झालं आता. पुन्हा नाही."

आई तोवर थकली होती, पण कान शाबूत होते. ती म्हणाली, "बाजाराचं ऐकून बंद करतेस की स्वतःचं ऐकून?"

मग एके सकाळी मास्तरीण स्वतःच आली. आम्ही चहा घेत होतो. अंगानं अर्धी झालेली, केस कसेतरी बांधलेले. उभ्याउभ्याच तिनं वहिनीला विचारलं,

"माझं बाळ गेलं ते मला समजलं. मी बघितलं तिला. पण तिचं सामान कुठे गेलं?"

वहिनीनं कप खाली ठेवला. "अगं, तुला त्रास होईल म्हणून..."

"मी घरी आले तर खोली रिकामी. जसं काही झालंच नव्हतं. सगळेजण माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. शाळेत परत जायला लागले, तर तिथल्या बायका मला बघून बोलता बोलता थांबतात. ती होती गं. आठ महिने होती. तिच्यासाठी तुम्ही सगळ्यांनी शिवलं होतंत, तेवढंच तर तिचं होतं या जगात." ती खाली बसली. "तेही काढून नेलंत."

वहिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. नवऱ्यानं सांगितलं होतं हे ती बोलली नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली. "मी तुला विचारायला हवं होतं." मग तिनं दुपटं कुठे दिलं ते सांगितलं.

मास्तरीण उठून उभी राहिली. "मला तिथे घेऊन चल," म्हणाली.

वहिनीला भीती वाटत होती, म्हणून तिनं मलाही सोबत घेतलं. वॉर्डाच्या दाराशी सिस्टरांना वहिनीनं बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मास्तरणीकडे नीट बघितलं, हात धुवायला लावले आणि म्हणाल्या, "या. पण हळू."

आत ऊब होती आणि यंत्रांची बारीक टिकटिक. ज्यांची बाळं जरा सुधारली होती त्या आया एका रांगेत बसल्या होत्या. खिडकीजवळ एक अगदी कोवळी मुलगी बसली होती, स्वतःच शाळेतून आल्यासारखी दिसणारी. तिच्या मांडीवरच्या गाठोड्याभोवती तेच दुपटं. धुऊन धुऊन चंद्राचा रंग उडाला होता. दादाचा तुकडा मी लांबूनच ओळखला.

मला वाटलं, आता ही मागणार. वहिनीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं मास्तरणीचं कोपर धरलं. मास्तरीण पुढे गेली आणि वाकली. बाळ झोपेत तोंडाचा चंबू करत होतं.

"किती झालं वजन?" तिनं विचारलं.

"कालपासून वाढतंय," ती मुलगी म्हणाली. "आधी घटत होतं. हे दुपटं घातलं की शांत झोपतो. कुणी दिलंय माहीत नाही."

मास्तरणीनं कडेला बोट लावलं. "इथे उसवलंय."

"हो, माझ्या लक्षात नाही आलं."

"सुई आहे का गं?" हे वहिनीला. वहिनीच्या पर्समध्ये सुई नसेल असा दिवस उगवायचा आहे. मास्तरीण स्टुलावर बसली, दुपट्याची कड गुडघ्यावर ओढून घेतली, बाळाला न हलवता, आणि धावदोरा घालायला लागली. डोळ्यांतलं पाणी हातावर पडत होतं, ते तिनं पुसलं नाही. टाका सरळच पडत होता. ती मुलगी गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होती. मग तिला काहीतरी उमगलं असावं. तिनं बाळाला किंचित मास्तरणीच्या बाजूला सरकवलं.

दोरा दातानं तोडून मास्तरीण उठली. "थंडी लागू देऊ नकोस त्याला," म्हणाली.

परतताना दुकानात थांबून वहिनीनं तिला पोटमाळ्यावरची माशांची पिशवी दिली. मासे ती घरी घेऊन गेली. त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं ते त्या खोलीत पुन्हा टांगले. तिनं त्याला तसं करायला लावलं की तो आपणहून करायला गेला, मला माहीत नाही. पण त्या दिवशी ती दोघं एकमेकांसमोर पहिल्यांदा मोकळेपणानं रडली, असं ती नंतर वहिनीला म्हणाली.

कार्यक्रम वर्षभर बंदच होते. औषधवालीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं भीतभीतच विषय काढला, आणि वहिनी आधी मास्तरणीकडे गेली. मास्तरीण म्हणाली, "कर. पण मला त्या दिवशी बोलावू नकोस. आधीच्या संध्याकाळी येत जाईन." तेव्हापासून ती तशीच येते. कातरते, शिवते, पोरकट विनोद करते, वहिनीला मुकादम म्हणून चिडवते, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी घरी राहते. तिला पुन्हा मूल झालं नाही. लोक विचारतात तेव्हा ती सांगते, "एक मुलगी होती." समोरचा गडबडतो. ती गडबडत नाही.

वहिनीनं मात्र एक गोष्ट पक्की केली. कार्यक्रम ठरला की ती त्या बाईला बाजूला बसवून विचारते, पुढे काहीही झालं तर या सामानाचं काय करायचं? ते तूच ठरवायचंस, कुणी हात लावणार नाही. काहीजणींना ते अशुभ वाटतं. एक तर उठूनच गेली होती. आईनंसुद्धा शेवटपर्यंत यावरून तिच्याशी वाद घातला. वहिनी ऐकून घेते आणि तरीही विचारते.

गेल्या हिवाळ्यात औषधवालीच्या धाकट्या बहिणीचा कार्यक्रम होता. माहेरचे आता येतात जातात. खोली भरलेली, मी चहा ओतत होते, आणि दारात मास्तरीण. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, दिलेला केक खाल्ला, त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थोड्या वेळानं पर्स उचलली. वहिनी तिला सोडायला स्टॉपपर्यंत गेली. इकडे मुकादमाशिवाय आमचे सगळ्यांचे टाके वाकडे चालले होते. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या, स्टॉपच्या बाकावर बसलेल्या. बस आली, थांबली, निघून गेली. दोघी तशाच बसून राहिल्या.