बिनधारेची संगीन

कुणी संगीन घेऊन आलं की फिटर आधी त्याला गप्प करायचा. "कुठल्या लढाईतली, ते तू नको सांगूस. ती सांगेल." चौतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, त्याचा ऐकण्यापेक्षा मोजण्यावर भरवसा. बंदुकीच्या नळीवर बसणाऱ्या कड्याचा व्यास कॅलिपरने घ्यायचा, मुठीजवळचा शिक्का भिंगातून वाचायचा, शेवटी पात्यावरून अंगठा फिरवायचा. आजोबांनी याच संगिनीने किल्ला घेतला म्हणणारे कितीतरी नातू त्याने हिरमुसून परत पाठवले होते. किल्ला पडल्यावर सहा वर्षांनी घडवलेली निघायची ती. त्यामुळे त्याला मित्र बेताचेच.

त्याच्या एकोणतीस संगिनींत लाडकी वडिलांची, आणि ती साफ बोथट. वडिलांच्या फौजेचा नियमच होता: कोठारात पाती बोथट ठेवायची, आघाडीवर निघायचा हुकूम आला की मगच धार लावायची. वडील, म्हणजे अण्णा, लढाईची तिन्ही वर्षं कोठारात कारकून होते. "मी पायमोजे वाटले," ते विचारणाऱ्याला सांगत. लोकांना तो विनय वाटे. नातेवाइकांनी त्यांच्या नावावर परस्पर चार मुडदे जमा केले होते. अण्णा गेल्यावर आकडा अकरावर गेला.

वाचनालयाने जुन्या सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा ताई संगीन न्यायला आली. फिटरने एकच अट घातली: माहितीचं कार्ड तो लिहिणार. अकराचा हिशेब एकदाचा मिटवायचा होता त्याला.

उद्घाटनाच्या सकाळी तो कार्ड घेऊन पोचला. सवयीने पात्यावरून अंगठा फिरवला, आणि रक्त आलं.

"दाजी, हे काय?"

"धार!" ताईच्या नवऱ्याचा चेहरा खुलला. "अर्धा तास ग्राइंडरवर घातला परवा. म्हटलं, सासऱ्यांची संगीन चारचौघांत जाणार, आणि तिने साधी काकडी कापू नये?"

"अण्णांनी जन्मात कुणाला ओरखडा काढला नाही! त्याचा एवढा एकच पुरावा होता. तुम्ही अर्ध्या तासात त्यांना खुनी करून ठेवलंत!"

"हळू बोल," ताई म्हणाली. "लोकांनी शूर म्हटलं तर तुझं काय जातं? बाप होता ना तुझा?"

"होता म्हणूनच! जन्मभर माणूस एकच खरी गोष्ट सांगत राहिला, आणि घरात एकाने ऐकली नाही."

"परत बोथट करू की," दाजी म्हणाले. "ग्राइंडर गाडीतच आहे."

फिटरने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दाजी खुर्चीमागे सरकले. पातं फिटरच्या हातात होतं, हे धरता त्यात शहाणपणच होतं.

"मग काढून घेता का ही?" ग्रंथपालाने चाचरत विचारलं.

काढून घेतली, तर अकरा तसेच राहणार. फिटरने जुनं कार्ड फाडलं, कोरं मागितलं आणि निब मोडेल इतकं दाबून लिहिलं:

"कोठारातल्या कारकुनाची संगीन. आघाडीवर कधीही गेली नाही. धार: परवा, जावयाच्या ग्राइंडरवर. आजवरचे जखमी: एक, मुलाचा अंगठा."

ताईने वाचलं आणि कार्ड उलटं करायला हात पुढे केला. फिटरने काचेच्या कपाटाशी खुर्ची ओढली, अंगठ्याला रुमाल गुंडाळला आणि ठाण मांडलं. प्रदर्शन तीन दिवस चाललं. तो तिन्ही दिवस तिथेच होता.