कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत

आमच्या घरातला कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे बटण दाबायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. मी बटण दाबून कुकर लावायचे. शिट्ट्या व्हायच्या, वरण घोटून व्हायचं, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच असायचं. त्यात वीज गेली की पहिल्यापासून सगळं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. माझा स्वभाव मुळात घाईचा. भोरच्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, समोरच्यानं पिशवीतून पासबुक काढायला वेळ लावला तरी माझ्या कपाळाला आठी पडते. तेव्हा त्या यंत्राचा मला मनापासून राग यायचा. पण ते यंत्र माझं नव्हतं, सासूबाईंचं होतं.

सासूबाई वेल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. सगळी नोकरी एसटीनं ये-जा करून केली. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात सासऱ्यांनी पुण्याहून हा कॉम्प्युटर आणला. "बोटं गंजायला नकोत," एवढंच म्हणाले. पुढच्या खोलीत खिडकीशी तो मांडला आणि सासूबाई लोकांना अर्ज टाइप करून द्यायला लागल्या. भोरात कागद छापून देणारी दुकानं काय कमी आहेत? तरी वेल्ह्याकडची, भोंगवलीकडची माणसं बाजारहाटाला आली की आमचं दार विचारत येतात. बाईंनी केलेला अर्ज सायेब वाचतो, असं तिकडं बोललं जातं.

कुणी आलं की सासूबाई बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "बसा. वेळ लागतो याला." मग चहा व्हायचा. पाऊसपाणी, भाताची लावणी, लेकीचं बाळंतपण, भावकीतली तेढ, सगळं निघायचं. कॉम्प्युटर जागा होईपर्यंत अर्जाचा मजकूर त्यांच्या डोक्यात तयार असायचा. मी आतून ऐकत असायचे आणि चरफडायचे, कारण चहा मला करावा लागायचा.

सासरे गेले त्यानंतरची गोष्ट. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी विहिरीच्या वाटणीचा अर्ज घेऊन एक माणूस दारात उभा. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी त्याला वाटेला लावणार, तोच सासूबाई आतून आल्या, खुर्चीत बसल्या आणि बटण दाबलं. "बसा," म्हणाल्या, "वेळ लागतो याला." त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की या बाईंची ही खुर्ची जाता कामा नये. बाकी काय वाट्टेल ते होवो.

आणि गेल्या उन्हाळ्यात नेमका कॉम्प्युटर मान टाकायला लागला. अर्ज निम्मा टाइप झाला की पडदा काळा. पुन्हा बटण, पुन्हा चहा, पुन्हा काळा. एका दुपारी एक बाई दोन वेळा चहा पिऊन तशाच रिकाम्या हातानं एसटीला गेल्या. सासूबाईंनी कीबोर्डवर रुमाल टाकला. "पुरे आता," म्हणाल्या. "त्याचंही वय झालं, माझंही झालं." त्या रात्री जेवल्या नाहीत म्हणावं तर तसंही नाही, जेवल्या, पण लगेच दिवा घालवून आडव्या झाल्या. मला भीतीच वाटली.

नवऱ्याचं म्हणणं, नवा लॅपटॉप आणू. मी म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरा. मुलीची कॉलेजची फी तोंडावर होती. शिवाय लॅपटॉपच्या त्या सपाट बटणांवर सासूबाईंची बोटं चालली नसती. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसून गेली आहेत. त्यांना ती लागतही नाहीत, पण बटण खाली गेल्याचा आवाज लागतो. तो आला नाही तर त्यांना आपण टाइप केलंय असं वाटतच नाही. तेव्हा ठरलं असं की कीबोर्ड, पडदा, सगळं तेच ठेवायचं आणि आतलंच काय ते बदलून घ्यायचं. कापूरहोळच्या चौकात एक दुरुस्तीवाला आहे, तो जुनी यंत्रं नवी करून देतो असं कळलं होतं.

सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही दोघी एसटीत बसलो. मी म्हटलं, खाली ठेवू या पायाशी. सासूबाईंनी ऐकलं नाही. मांडीवर घेतला आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी कवळून धरायच्या. कंडक्टरनं वाकून बघितलं. "आजी, ह्याचं अर्धं काढू का फुल?" सासूबाई म्हणाल्या, "ज्येष्ठ नागरिकात बसतंय का बघा." सगळी गाडी हसली.

दुरुस्तीवाल्यानं बाजूचा पत्रा काढला, टॉर्च मारला आणि तसाच थांबला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, ह्येच्यात सत्यनारायण घातला व्हता काय?"

मी वाकून पाहिलं. आत तांदूळ होते. हळदीनं पिवळे झालेले, कुंकवानं लाल झालेले, पंख्याच्या पात्यांत अडकलेले, तळाशी साचलेले. धुळीबरोबर हळदीकुंकवाची अशी काही चिकट लापशी झाली होती, की पंखा फिरणार कुठून! यंत्र तापायचं आणि जीव नकोसा होऊन बंद पडायचं.

त्याचं असं, की सासरे एसटीच्या डेपोत कारागीर. दसऱ्याला तिथं पान्यापक्कडांची पूजा व्हायची, गाड्यांना हार घातले जायचे. तोच हात घरी. दसऱ्याला कॉम्प्युटर पुसून, त्याला झेंडूचा हार घालून, हळदकुंकू वाहून वर मूठभर अक्षता टाकायचे. चिमूटभर नव्हे, मूठभर. "जो आपल्याला पोसतो त्याच्यापुढं हात आखडायचा नाही," असं त्यांचं म्हणणं. आणि या सीपीयूच्या डोक्यावर हवेसाठी म्हणून जाळी. अक्षता टाकल्या की बघता बघता कुठं जातात, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. उलट सासरे म्हणायचे, "बघा, घेतल्या त्यानं." ते गेल्यावर नवऱ्यानं तोच शिरस्ता चालवला, अगदी तशीच मूठ भरून.

दुरुस्तीवाला ब्रशनं दाणे खाली पाडत होता. सासूबाई आधी हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग ते पाणी काही थांबेना. मला वाटलं, त्या आता ते दाणे पदरात बांधून घेणार. त्या म्हणाल्या, "टाकून नका देऊ हो. बाहेर पाखरांना घाला." त्यानं कागदावर गोळा करून दुकानाच्या पायरीवर टाकले. ढाब्याकडून चिमण्या आल्या.

मग त्यानं सेकंडहँड रॅम घातली, जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, पंखा धुऊन पुसून चालू केला. सासूबाईंचे जुने फॉन्ट त्यानं जसेच्या तसे उतरवून दिले. बटण दाबलं मात्र, पडदा हजर! मला टाळी वाजवावीशी वाटली. इतक्या कमी खर्चात इतकं जमलं, म्हणून मी परतीच्या एसटीत नवऱ्याला फोन करून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

घरी आल्यावर चार दिवस मी येईल त्याला कॉम्प्युटर सुरू करून दाखवत होते. सासूबाईही खूश दिसल्या. माणूस यायचा, सांगायचा, त्या टाइप करायच्या, कागद बाहेर. चहा नाही, बसणं नाही. चप्पल काढून आत आलेला माणूस पुन्हा चप्पल घालून निघालेला असायचा. मला तर सुटल्यासारखं झालं.

पुढं एकदा मी दुपारी जेवायला घरी आले, तर सासूबाई बंद पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. म्हटलं, काय झालं, पुन्हा बिघडला की काय?

"नाही गं. छान चालतोय." कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत म्हणाल्या, "पण हे आता कुणीही करील. माणूस सांगतो, मी बटणं दाबते. मी कशाला हवी?"

मला राग आला. एवढी यातायात करून यंत्र आणलं ते कशासाठी? मी म्हटलं, "आई, तुम्हाला हळू चाललं तरी दुखतं, जोरात चाललं तरी दुखतं." संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते, मग बंद करीन म्हणते." ज्या खुर्चीसाठी मी एवढा आटापिटा केला, ती माझ्याच हातून सुटत चालली होती, आणि का, ते मला कळत नव्हतं.

त्याच सुमारास तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली म्हातारी येऊन गेली होती. लेकाच्या रेशनकार्डावरून आपलं नाव काढा, वेगळं कार्ड द्या, असा अर्ज तिला हवा होता. सासूबाईंनी असे अर्ज नोकरीत शेकड्यांनी केलेले. बोटांनाच पाठ. म्हातारी टेकते न टेकते तोच कागद छापून झाला, तिनं अंगठा उठवला, गेली.

आठवड्यानं ती परत आली. मी सुट्टीमुळं घरात होते. तिनं पिशवीतून घडी घातलेला तोच कागद काढला.

"बाई, म्या ह्यो दिला न्हाई कचेरीत."

"का हो आक्का?"

"शेजारच्या पोरीनं वाचून दावला. ह्यात लिवलंय, मुलगा माजा सांबाळ करत न्हाई. आसं म्या कवा म्हनले?"

सासूबाईंनी कागद हातात घेतला. अशा अर्जात ते वाक्य असतंच. 'मुलगा सांभाळ करीत नसल्याने' असं लिहिल्याशिवाय वेगळ्या कार्डाचं काम पुढं सरकत नाही, म्हणून बोटं ते आपोआप लिहितात. म्हातारीला हे सांगताना त्यांचा चेहरा उतरलेला मला दारातून दिसला.

म्हातारी म्हणाली, "तेवडं खोडू नगा, ऱ्हाऊ द्या कामापुरतं. पर खाली एक वळ घाला. ल्योक चांगला हाय म्हनून."

सासूबाईंनी हात पुढं केला. कॉम्प्युटर तयारच होता, पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. पडद्याच्या खालचं बारकं बटण दाबलं आणि पडदा काळा केला.

"बसा आक्का," त्या म्हणाल्या. "सुरू व्हायला वेळ लागतो याला. लई जुना झालाय."

म्हातारी जमिनीवरच ऐसपैस बसली. सासूबाई खुर्चीतून उतरून तिच्याशेजारी बसल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, पण मला जे समजायचं ते समजलं. मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं आणि गॅस बारीक केला. आयुष्यात पहिल्यांदा.

आधण उकळेना, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. आधी पावसाचं झालं. मग गुडघ्यांचं. मग हळूहळू आलं, की सुनेनं घरात गॅस आणला आणि म्हातारीला न विचारता तिची चूल मोडली. म्हातारीनं रागानं पडवीत दुसरी चूल घातली, वेगळं शिजवायला लागली. आता वेगळं शिजवायचं तर धान्य वेगळं नको? म्हणून कार्ड.

"आन लेकाचं काय म्हननं?" सासूबाई आता पुरत्या वेल्ह्याच्या झाल्या होत्या.

"त्यो काय म्हननार? सांजच्याला रानातनं येतो, गुपचूप माज्याफुडं बसतो, चुलीवरची भाकर खातो. मंग आत जाऊन तिचं बी जेवतो. दोगीकडं!" म्हातारी खुदकन हसली. "प्वाट सुटलंय त्येचं."

"आन सून?"

"तिला ठावं हाय. परवा म्हनती कशी, आत्या, मला बी द्या की एक."

"दिली का मग?"

"न द्यून करती काय?"

शेवटी आधणाला उकळी आली. मी चहा नेऊन ठेवला. म्हातारीनं बशीत ओतून सावकाश प्यायला. सासूबाईंनी विचारलं, "मग आक्का, लिहायची का ती ओळ?"

म्हातारीनं तो कागद उचलला, पुन्हा घडी घातली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "ऱ्हाऊ द्या आता समदंच. यष्टी जाईल माजी." दारात चपला पायात सरकवताना तिनं मागं वळून त्या काळ्या पडद्याकडं पाहिलं. तिला खरंच वाईट वाटलं असावं.

"बाई, तुमचा कम्पुटर काय शेवटपातुर चालू झाला न्हाई वो. सुनंला सांगा, जरा पैकं घालून नीट करून घ्या."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून कपबशा गोळा करत होते.

"सांगते," त्या म्हणाल्या. "तुमी या मात्र."