मागणं नसलेलं गाऱ्हाणं

दाजी गावकरांनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय स्वतः घेतला नाही, असं लोक चेष्टेने म्हणत, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. आचऱ्याजवळच्या त्या लहानशा गावात रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. कुणाची नवी होडी पाण्यात जायची असो, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसो, दाजी खांद्यावर पंचा टाकून देवासमोर उभे राहायचे, देवाला हाक मारायचे आणि ज्याचं मागणं त्याच्या नावाने मांडायचे. ते श्वास घ्यायला थांबले की जमलेली माणसं एका सुरात म्हणायची, "होय म्हाराजा!" मग पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. स्वतःचं लग्न, किराणा दुकानाची जागा, परसातली विहीर, सगळं दाजींनी असंच विचारून घेतलं होतं. त्यांची बायको आनंदी म्हणायची, "आमटीत मीठ किती घालू, ता पण जरा इचारून येवा."

चाळिशी उलटून गेल्यावर या दोघांना मुलगी झाली, दिव्या. दोन हजार सहा साली ती चौथीत होती.

त्याच वर्षी शाळेत मिहीर सर नावाचे तरुण शिक्षणसेवक आले. येताना एसटीच्या टपावरून स्वतःचा कॅसिओ कीबोर्ड घेऊन आले. प्रार्थना, समूहगीत झालं की ते कॅसिओवर धडाधड वाजणारा ठोका लावायचे आणि मुलांना त्या ठोक्यावर बोलायला शिकवायचे. गायचं नाही, नुसतं बोलायचं, पण तालात. याला रॅप म्हणतात, असं मुलांनी घरोघरी सांगितलं. वर्षाच्या शेवटी स्नेहसंमेलन होतं. सर म्हणाले, "तुमच्या घरी कोण तालात बोलतं ते शोधून आणा." कुणी आईची अंगाई आणली, कुणी मासेवालीची आरोळी. दिव्याने बापाचं गाऱ्हाणं आणलं.

सरांना ते फार आवडलं. मधोमध दिव्या, मागे पंधरा मुलं आणि दर चार ठोक्यांना 'होय म्हाराजा'.

दाजींना हे कळलं ते दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडून. तराजूतली साखर तशीच राहिली. गाऱ्हाणं म्हणजे काय खेळ आहे? त्यात बारा पाचाच्या, म्हणजे गावच्या सगळ्या राखणदार देवांची नावं घ्यावी लागतात. नाव घेतलं की तो येतो, असं दाजींच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. दिव्या शाळेतून आली तेव्हा तिला ओरडायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ती दारातून आत आली तीच पायाने ठेका धरत, आणि दाजींच्या तोंडून एवढंच निघालं, "पाय धू आधी."

तीन दिवसांनी परशुरामाच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. दुसऱ्या होडीने ओढून आणलं, जिवाला काही झालं नाही. पण परशुरामाची दोन मुलं त्याच शाळेत, त्याच मागच्या रांगेत होती. किनाऱ्यावर पाय टेकताच तो म्हणाला, "पोरांनी देवाची चेष्टा केल्यानी, ह्या तेचाच फळ."

ती रात्र दाजींनी कूस बदलण्यात काढली. उद्या कुणाच्या घरात मूल आजारी पडलं, तरी बोट आपल्याच दाराकडे होणार.

शनिवारी शाळेत पालकसभा भरली. परशुराम आधी उठला. "मास्तरानू, शाळेत पेटी शिकवा, तबलो शिकवा, भजन शिकवा. आमी नाय म्हणणव नाय. पण ह्या परदेशातला धडाड्धुम कशाक? उद्या ही पोरां ऑर्केस्ट्रात जातली, नायतर गोव्याक हाटेलात."

"जाऊंदे मगे," मासे विकणारी यमुनाबाई मागून म्हणाली. "तुझ्यावांगडा दर्यात जावन तरी काय मोठा मिळवतले? इंजिन तर बंद!"

सगळे हसले. परशुराम लाल झाला. यमुनाबाई थांबली नाही. "माझो प्रितेश तीन वर्षां शाळेत तोंड उघडीत नव्हतो. आता सकाळी मी बांगडे कापतंय, त्या ठोक्यार तो पाडे म्हणता. सात्ती साती एकोणपन्नास! मी बाजारात वरडतंय ता काय वेगळा आसा काय रे?"

"तू वरड गो बाय, पण तू देवाचा नाव घेवन बांगडे विकतस?"

कुणीतरी म्हणालं, ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, लेखी तक्रार करूया. मिहीर सर खाली बघत उभे होते. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षं नोकरी कच्ची. त्यात तक्रार गेली तर पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. अखेर सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या.

"दाजीनू," परशुराम म्हणाला, "देवाक इचारा. तो सांगात ता खरा."

दाजींना बरं वाटलं. निदान आपल्याला काही ठरवावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कौल लावला. दाजींनी हाक मारली, सगळं मांडलं, पाकळ्या चिकटवल्या. माणसं बसली. समईतली वात संपेपर्यंत वाट बघायची असा रिवाज होता. वात संपली. एकही पाकळी पडली नाही.

"देव बोलाक तयार नाय," परशुराम हळूच म्हणाला. "म्हणजे आता तुमीच सांगूचा."

दाजींच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. दोन दिवसांनी सांगतो, असं काहीतरी पुटपुटत ते घरी आले. त्या दोन दिवसांत त्यांनी एका गिऱ्हाइकाला दोनदा सुटे पैसे दिले आणि एकाला अजिबात दिले नाहीत. नाही म्हणावं तर पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर येई, हो म्हणावं तर भर समुद्रात बंद पडलेली होडी. शेवटी मंगळवारी संध्याकाळी ते चपला हातात घेऊन शाळेच्या पायरीवर उभे राहिले. मिहीर सर वह्या तपासत होते.

"सर, एक विचारू का? रागावू नका," दाजी ठेवणीतल्या मराठीत म्हणाले. "मुलं गाऱ्हाणं घालतात, त्यात मागतात काय?"

"मागत काही नाही, दाजी. तो शेवटचा भाग मी काढून टाकला, वादाला कारण नको म्हणून. नुसती हाक आणि ताल."

दाजींनी चपला खाली ठेवल्या. मग त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "म्हणजे देवाला हाक मारायची, तो हातातलं काम टाकून येणार, आणि काही काम नव्हतं म्हणून परत पाठवायचं? तालाचं मला कळत नाही, सर. तुमचा ठोका असूदे. पण मागणं नसलेलं गाऱ्हाणं खोटं. घालायचं तर खरं काहीतरी मागूदेत. नाहीतर घालू नका."

सरांनी हातातली वही मिटली. "काय मागायचं ते मुलांनीच ठरवलं तर चालेल?"

"चालेल," दाजी म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत आपण हे काय बोलून बसलो, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. गावाला त्यांनी तेवढंच सांगितलं: पोरां खरा मागणा घालतली, माका चलता. परशुरामाला ते पटलेलं नव्हतं.

दिव्या घरात एक अक्षर फोडत नव्हती. "काय मागतलंस गो?" असं दाजींनी चार वेळा विचारलं. "थयच आयका," एवढंच ती म्हणाली. सायकल मागितली तर? सिनेमातलं काही मागितलं तर? सगळ्या गावासमोर?

संमेलनाच्या संध्याकाळी शाळेचं पटांगण भरलं होतं. पुढच्या खुर्चीवर सरपंच गंगारामशेट. दाजी मुद्दाम मागे, माडाला टेकून उभे राहिले. कॅसिओचा ठोका सुरू झाला. फ्रॉकवर बापाचा पंचा टाकून दिव्या पुढे आली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या शाळेची सगळी लेकरां तुका हाक मारतत!"

"होय म्हाराजा!" पंधरा मुलं ओरडली, आणि त्यांच्याबरोबर अर्धं पटांगणही. गाऱ्हाणं थांबलं की त्या गावातलं तोंड आपोआप उघडतं, त्याला इलाज नव्हता.

"आमच्या शाळेत पोरींच्या मुतारीक दार नाय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळेच म्हणाले. सरपंचही म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना अर्थ कळला.

"एक चेडू आत जाता, दोघी भायर चादर धरून उभ्यो रवतत. वारो इलो की चादर उडता, म्हाराजा!"

हशा पिकायला हवा होता, पण पिकला नाही. बायकांच्या बाजूने फक्त यमुनाबाईचा मोठा आवाज आला, "होय म्हाराजा!"

"आमका मोठा काय नको. पावसाच्या आदी एक दार व्हया, म्हाराजा!"

ठोका चालूच होता. सगळं पटांगण ओरडलं. परशुरामाची मुलगी मागच्या रांगेत होती, ती बापाकडे बघून ओरडत होती, आणि परशुरामाचंही तोंड उघडलेलं दाजींनी पाहिलं. दाजी मात्र शाळेमागच्या अंधाराकडे बघत होते. चार वर्षं ही पोर रोज दुपारी घरी येऊन आधी घराच्या मागे धावायची. त्यांना वाटायचं, तिला पाय धुवायची घाई असते. त्या शाळेच्या सभेत बसून आपण ताल परदेशातला की देवाचा याचा घोळ घातला, आणि मागची बाजू एकदाही पाहिली नाही.

टाळ्या वाजल्या. सरपंच घाम पुसत "बघूया, बघूया" म्हणाले. पण दाजींना माहीत होतं, मागणं मांडून झालं होतं, देवाने ऐकलं होतं. आता ते खोटं पडलं तर ते कुणाच्या नावावर?

रविवारी सकाळी ते जुन्या गोठ्याचं दार खांद्यावर घेऊन शाळेच्या मागे गेले. दार भिंतीला टेकवलं आणि सुतळी काढून चौकट मोजायला लागले. एकट्याला जमेना. वरचं टोक धरलं की खालचं सुटायचं. दार लहान पडलं तर? कापल्यावर चुकलं तर? किनाऱ्याकडून जाळं खांद्यावर घेतलेला परशुराम येत होता. तो थांबला.

"काय दाजीनू, ह्या कौल लावन इचारलात काय?"

"नाय," दाजी म्हणाले. "ठेव ता जाळा, आनि ह्या टोक धर."