दुसऱ्याच्या घोड्याचा तंग

टांगा सोडून मला बरीच वर्षं झाली. बायको जाऊन दोन झाली. टांग्याची आठवण येत नाही, खोटं कशाला सांगू. एका तंगाची मात्र अजून येते.

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा चामड्याचा पट्टा. टांग्याच्या दांड्या तो खाली धरून ठेवतो. मागं माणसं बसलेली, समोर चढ, आणि तंग तुटला, तर दांड्या वर उडतात आणि टांगा मागं कलंडतो. याला उलाळ होणं म्हणतात. मागच्या माणसांची डोकी आधी रस्त्यावर येतात. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तंगावर हात फिरवल्याशिवाय मी कधी घोडं हाकललं नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. वर्ध्यात ऑटो वाढत होते, टांगे कमी होत होते. आम्ही सातजण एका आवारात घोडे बांधायचो. साज चोरीला जायला लागला. आधी एकाचा लगाम गेला, मग दुसऱ्याच्या घोड्याच्या डोळ्यांवरची झापडं गेली. म्हणून कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप लावलं. कुलूप एक, किल्ल्या सात. सगळ्यांचा साज आत, आपापल्या खुंटीवर. चोर आतलाच असला तर काय, हे कोणी बोललं नाही. बोलणार कसं? सहाजणांना तोंडावर चोर म्हटल्यासारखं झालं असतं.

दसऱ्याच्या आठेक दिवस आधी सकाळी तंगावर हात फिरवला. चामडं भेगाळलेलं, बकलापाशी पार कुजलेलं. मी तो घरी आणला.

“तंग गेला,” मी बायकोला म्हटलं.

“जाईन कसा? पोळ्याले तं म्या नवा शिवला.” तिनं उलटसुलट करून पाहिलं. साज शिवायचं काम तीच करायची, आरी घेऊन, दुहेरी दोऱ्यानं, मोच्याला लाजवील असं. “हा माहा टाका नाई. बदलला कोणीतरी.”

म्हणजे काही गेलंच नव्हतं. खुंटीवर तंग होता. ओरडायचं तरी कशासाठी? त्या पट्ट्याला दोर गुंडाळून मी आठ दिवस काढले. चढ आला की सवाऱ्या उतरवायचो. लोक शिव्या द्यायचे.

दसऱ्याला सगळे आपापला साज धुऊन, तेल लावून आवारात ओळीनं मांडायचे. बाया हळदीकुंकू लावायच्या. बायको एकेका साजाला कुंकू लावत पुढं गेली आणि माझ्या शेजारच्या खुंटीवाल्याच्या साजापाशी थांबली. हा आमच्यात वयानं मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. मला ताप होता तेव्हा महिनाभर माझ्या घोड्याला त्यानंच चारा घातला होता.

“काय वैनी,” तो हसला, “आमच्याच घोड्याले कुंकू जास्त लावून राह्यल्या?”

“तंग चांगला हाय तुमचा, भाऊजी,” ती म्हणाली आणि पुढं सरकली.

घरी आल्यावर म्हणाली, “थो तंग माहा हाय. पण बोलू नका.”

“काऊन?”

“दोन्ही घोडे एका दावणीले हायेत. उद्या चाऱ्यात काही टाकलं तं?”

मी बोललो नाही. दोन दिवसांनी, दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी खोली उघडली. कुलूप माझंही होतं, किल्ली माझी होती, तरी दार आतून लोटून घेतलं. त्याच्या साजातला तंग सोडून मी माझ्या साजाला लावला. कुजका त्याच्या साजाला लावला, वरचा दोरही काढून घेतला. घरी येऊन छाती काढून सांगितलं.

बायकोच्या हातातली भाकर तशीच राहिली.

“कुजका त्याले लावून आले?”

“जिथून आला तिथं गेला.”

“थो हात फिरवते का तुमच्यासारखा? आज बाजार हाय. पवनारच्या बाया भरून नेईन थो.” ती उठून उभी राहिली. “चोरी त्याची, पण कोणी मेलं तं थे आपलं.”

शेजाऱ्याची सायकल घेतली. स्टँडवर पाहिलं, तो निघून गेला होता. पवनारच्या रस्त्याला लागलो. पुढं एका जागी माणसांचा घोळका दिसला आणि मला वाटलं, टांगाच कलंडला. जवळ गेलो तर एसटी पंक्चर झालेली. लोक उभे राहून शेंगा खात होते. मी न उतरता तसाच पुढं निघालो.

पवनारच्या अलीकडं चढापाशी टांगा दिसला. मागं तीन बाया, एकीच्या मांडीवर लेकरू.

“भाऊ, थांबा! थांबा!”

“काय बोंबलून राह्यला बे? घर जळालं का?”

“बायांनो, उतरा. सगळ्या उतरा.”

“काऊन बाप्पा?” एक म्हातारी म्हणाली. “पैसे दिले म्या पवनारचे.”

“भाऊ, तंग पाहा.”

तो खाली वाकला. बकलापाशी अर्धा पट्टा सुटून लोंबत होता. त्यानं बोटानं ओढला आणि तो हातात आला.

“तुले कसं मालूम?”

“म्याच लावला. दुपारी.”

“अन् माहा कुठं हाय?”

“तुहा?” मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं, तो मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. लेकरू रडायला लागलं, तशी म्हातारी आम्हा दोघांवर ओरडली, “तुमचं काय असंन थे मागून करा. पह्यले घोडं धरा!”

सायकलच्या कॅरियरचा दोर सोडून मी त्याच्या घोड्याला बांधला. गाठ त्यानं पाहिली, मग मी पाहिली, मग पुन्हा त्यानं. बाया चढ पायी चढल्या. एका बाजूची दांडी त्यानं धरली, दुसरी मी.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. बायको दारातच होती.

“कोणी पडलं?”

“नाई.”

तेव्हा कुठं ती जेवायला बसली. एक घास घेतला की पुन्हा विचारायची, “खरंच कोणी नाई पडलं?” तिला इतकं घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. तिच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात डॉक्टरनं हात टेकले, तेव्हाही ती तशी घाबरली नव्हती. मी घाबरलो होतो.