खारट कपाळ

सिरसाळ्याच्या बाजारात आवई उठली होती, फळवाली हाफिजा दुसऱ्यांची लेकरं चाटती अन् चाटलेलं लेकरू वाळतं. शेजारची सिंधुबाई तर पदर तोंडाला लावून, डोळे कपाळात नेऊन सांगायची, "अगं माय, जिभीनं! ह्या डोळ्यानं बघितलं!"

बघितलंबिघितलं काही नव्हतं. हाफिजानं पापा घेतला होता स्वतःच्याच नातवाचा, लेक फरजानाच्या शहेबाजचा. कपाळाला ओठ लागले अन् ती जागच्या जागी गार पडली. मिठाचा खडा लागावा तसं खारट! हाफिजाचा थोरला लेक, फकीर, असाच खारट होता. खोकून खोकून गेला, पुरतं बोलायलाही शिकला नव्हता. तवा सगळे म्हणाले, निमोनिया.

आता शहेबाजही खोकत होता. हाफिजानं घरातलं मीठच तोडलं. "अंगात मीठ लई झालंय, म्हून फुटून बाहेर येतंय."

"अम्मी, अळणी खिचडी थुंकतोय की तो!" फरजाना म्हणाली.

"थुंकू दे."

एप्रिलचं ऊन. एका दुपारी लेकरू सुकलेल्या मेथीच्या जुडीसारखं खांद्यावर लोळलं. हाफिजा गाडा तसाच टाकून दवाखान्यात पळाली.

डॉक्टर ज्योत्स्नांनी सलाईन लावलं, मग फकीरपासूनची सगळी कहाणी ऐकली. "मावशी, मीठ जास्त नाही, कमी पडलंय. पेशीच्या आवरणात प्रथिनाची दारं असतात, त्यातून मिठाची ये-जा होते. ह्याचं दार बिघडलेलं दिसतंय. घामातलं मीठ आत परत येत नाही, वाहून जातं. फुफ्फुसातही तेच दार लागतं. तिथं ओल पुरत नाही, कफ काकवीसारखा चिकटतो."

"शटर अडकल्यावानी?"

"तसंच. संभाजीनगरला घाम तपासून घ्या. तोवर मीठ द्या."

"म्हंजी मीच अळणी घालून..." हाफिजानं नातवाच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"हा आजार मुळातून जात नाही," डॉक्टर हळू म्हणाल्या. "पण सांभाळता येतो."

निघायच्या सकाळी, बसथांब्यावर, हे लिहिणाऱ्यानं, म्हंजी म्या, छाती फुगवून पैज लावली, "तपासणीत काय बी निघत न्हाई, मौशी! निघालं तर महिनाभर तुमचा गाडा मी लावतो."

"लाव बाबा," हाफिजा म्हणाली. "मला हरायचंच हाय."

सध्या सकाळी गाडा हे लिहिणाराच लावतो. हाफिजा तेवढा वेळ घरात नातवाची पाठ थोपटत बसती, कफ सुटेस्तोवर.